१९७५चं गाणं कोणतं?

हॉस्टेलवर लाइट गेली की एक तर सगळे गॅलरीत येऊन ओरडतात, नाहीतर वाद घालतात. त्या रात्री वाद निघाला गाण्यांवरून. शेवटी ठरलं, दर वर्षाचं एकच हिंदी गाणं निवडायचं आणि ती यादी गॅदरिंगला वाजवायची. सुरुवात १९७५पासून. "त्यात काय, शोले!" असं एकजण म्हणाला आणि तिथेच गाडी अडली.

पहिली अडचण वर्षाचीच. 'रोटी कपडा और मकान' आला १९७४मध्ये, पण त्यातलं महागाईचं गाणं बिनाका गीतमालेच्या १९७५च्या वार्षिक यादीत पहिलं आलं. अमीन सयानींचा हा कार्यक्रम १९५२ला रेडिओ सिलोनवर सुरू झाला. गाण्यांचा क्रम लावताना रेकॉर्डचा खप आणि श्रोता संघांची मतं बघत. म्हणजे गाणं लोकांच्या तोंडी बसलं ते त्याचं वर्ष. आम्ही मात्र सिनेमा लागला ते वर्ष धरलं, कारण तपासायला सोपं. महागाई बाद!

उरली तीन गाणी. 'शोले'तलं किशोरकुमार आणि मन्ना डे यांचं 'ये दोस्ती'. 'आँधी'तलं लता-किशोरचं 'तेरे बिना जिंदगी से'. दोन्हींचं संगीत राहुल देव बर्मनचं, त्यामुळे पंचमभक्तांमध्येच फूट! आणि तिसरं 'जय संतोषी माँ'मधली उषा मंगेशकरांनी गायलेली आरती. हे नाव मेसच्या मामांनी सुचवलं. लहानपणी ते आईबरोबर तो सिनेमा बघायला गेले होते, तेव्हा बायका चपला बाहेर काढून आत जात होत्या म्हणे.

आम्ही अकरा आणि मामा, एकूण बारा मतं. शोले ५, आँधी ४, आरती ३. शोले जिंकला. कुणीतरी हसून म्हणालं, "मामा, गॅदरिंगला काय प्रसाद वाटायचा का?" मामा काही बोलले नाहीत. ताटं गोळा करून आत गेले. सगळ्यांचं हसू जरा लांबलंच, आणि खरं सांगायचं तर त्यात मीही होतो.

रात्री झोप येईना. वाटलं, बारापैकी सातजणांना शोले नको होता, तरी तो जिंकला कसा? सकाळी जर्नलच्या पाठकोऱ्या कागदावर प्रत्येकाकडून तिन्ही गाण्यांचा क्रम लिहून घेतला. शोलेवाल्या पाचही जणांचा दुसरा नंबर आरती. आँधीवाल्या चौघांचाही दुसरा नंबर आरती. आरतीवाल्या तिघांचा दुसरा आँधी.

आता गंमत बघा. सर्वांत कमी मतांचं गाणं काढून त्याची मतं दुसऱ्या पसंतीला दिली, तर आँधी ७, शोले ५. आँधी जिंकली! पहिल्या पसंतीला २ गुण आणि दुसरीला १ गुण दिला, तर शोले १०, आँधी ११, आरती १५. आरती जिंकली! समोरासमोर लावली तरी आरती शोलेला ७-५ आणि आँधीला ८-४ अशी हरवते. माणसं तीच, आवडी त्याच, मोजायची रीत बदलली की निकाल बदलला. म्हणून मित्रांनो, भांडण गाण्यावर करण्याआधी रीत ठरवा. मतं पडल्यावर रीत ठरवणारा आपल्या गाण्याला सोयीची तीच शोधतो.

पण आरती सगळ्यांच्या दुसऱ्या नंबरावर आली कशी? मी एकेकाला विचारलं. उत्तर जवळपास एकच. शुक्रवारी आई म्हणते. आजी म्हणायची. पाठ आहे यार, पण पहिला नंबर द्यायला लाज वाटली. सर्वांत मोठ्याने हसलेला मेकॅनिकलचा गडी तर म्हणाला, "गुळ-चण्यासाठी मी शाळेतून पळत यायचो."

संध्याकाळी कागद मामांना दाखवला. गुणांची बेरीज त्यांनी दोनदा तपासली, मग विचारलं, "म्हणजे वाजवणार ना?" वाजवणार, म्हटलं.

१९७६ची बैठक रविवारी जेवणानंतर मेसमध्येच. स्टाफनेही यावं. येताना तीन नावं क्रमाने लिहून आणा, आणि दुसऱ्या नंबराचं कारण तोंडी सांगायची तयारी ठेवा.