मोरवेल दारात लावायची तर

गेल्या काही महिन्यांत कुठल्याही बचत गटाच्या बैठकीला गेलं की मोबाईलवरचा एक फोटो हमखास पुढं येतो. दाराच्या कमानीवर ताटलीएवढी जांभळी, गुलाबी, निळी फुलं, पान दिसत नाही इतकी. खाली लिहिलेलं असतं, क्लेमॅटिसच्या शंभर बिया, सात रंग, घरपोच. आणि प्रश्न असतो, ताई, मागवू का?

नका मागवू. का ते सांगते. फोटोतली ती मोठ्या फुलांची क्लेमॅटिस म्हणजे संकर केलेली वेल. चीन-जपानकडच्या मोठ्या फुलांच्या वेली युरोपात नेल्या आणि तिथं त्यांचे संकर केले. त्यातली जांभळ्या फुलांची एक वेल इंग्लंडमधल्या जॅकमन यांच्या रोपवाटिकेत १८५८ साली केलेल्या संकरातून आली, आणि तिचेच फोटो सगळीकडे फिरतात. अशा संकराच्या बियांपासून आईसारखं रोप येत नाही. हापूसची कोय पुरली तर हापूसच येईल याची खात्री असते का? तसंच हे. म्हणून ही वेल फांदीपासून किंवा कलमानं वाढवतात, आणि जिथं सात रंगांचं बी विकतात तिथं फोटो एकाचा आणि बी भलत्याचंच असतं. शिवाय तिला थंडीची झोप लागते. हिवाळ्यात कडाक्याची थंडी पडली, पानं झडली, वेल निजली, तर वसंतात ती अशी फुलते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली उभं राहवत नाही, तिथं तिचं काय होणार? सिमल्याकडे, काश्मीरकडे ती छान येते. तिला तिकडंच राहू द्या आणि गटाचे पैसे गटात राहू द्या.

पण मैत्रिणींनो, याच क्लेमॅटिसची एक बहीण आपल्या डोंगरात आहे. तिला आपण मोरवेल म्हणतो, काही भागांत रानजाईही म्हणतात. जगात या वेलीच्या तीनशेच्या आसपास जाती आहेत, त्यातल्या काही सह्याद्रीत आहेत, आणि मोरवेल हे नाव त्यातल्या एकाहून जास्त जातींना चालतं. पाऊस ओसरता ओसरता घाटात जा. बांधावरच्या कुंपणावर, करवंदीच्या जाळीवर पांढऱ्या फुलांची चादर टाकल्यासारखी दिसते, ती बहुतेक हीच. फुलाला चार ते सहा पांढऱ्या पाकळ्या आणि मधोमध केसरांचा झुपका. खरं तर त्या पाकळ्या नाहीतच. कळीला बाहेरून झाकणारी जी हिरवी पानं इतर फुलांना असतात, तीच हिच्यात पांढरी होऊन पाकळ्यांचं काम करतात.

फुलं गेल्यावर आणखी एक गंमत असते. एकेका बीला रेशमासारखी, पिसासारखी शेपटी फुटते, आणि सगळ्या वेलीवर पांढरट तुरे डुलायला लागतात. नावात मोर का, ते मला तरी तिथंच दिसतं.

आता दारात लावायची तर पहिली गोष्ट जागेची आणि आधाराची. वेल वर कशी चढते हे आधी बघावं, मग आधार द्यावा. आपण नेमकं उलटं करतो, घरात पडलेला वासा रोवतो आणि वेल चढत नाही म्हणून तिला दोष देतो. गोकर्ण स्वतःच पिळे घालत चढते. काकडी, दोडका, कृष्णकमळ यांना स्प्रिंगसारखे दोरे फुटतात. नागवेल मुळांनी चिकटते. बोगनवेल काट्यांनी अडकत जाते. जाई नुसती पसरते, तिला बांधावंच लागतं. आणि मोरवेल पानाच्या देठानं धरते. देठ किती लांब? दोन-चार बोटं. तेवढ्या देठाला मांडीएवढ्या खांबाला वेढा कसा घालता येईल? तिला बारीक आधार हवा. तार, सुतळी, काथ्या, बांबूच्या कामट्या, तुराट्या, पऱ्हाट्या, काहीही चालेल, करंगळीहून जाड नको. खांब असेलच तर त्याभोवती कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी गुंडाळा, वेल आपोआप चढेल. डाळिंब किंवा लिंबाच्या झाडावर मात्र सोडू नका. ही वेल अंगावर पसरते, खालच्या झाडाला ऊन मिळत नाही आणि फळ कमी होतं.

दुसरी गोष्ट, मुळाला सावली आणि शेंड्याला ऊन. डोंगरात ती अशीच वाढते. बुंधा जाळीत, पाल्यापाचोळ्यात गार असतो आणि शेंडा उन्हाच्या शोधात वर येतो. घरी लावताना भिंतीच्या किंवा दगडी ओट्याच्या आडोशाला बुंधा ठेवा. खड्डा दीड फूट लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच खोल घ्या. निम्मी माती, निम्म्यात कुजलेलं शेणखत आणि थोडी वाळू. आमच्यासारखी काळी, चिकट जमीन असेल तर तळाला विटांचे तुकडे टाका आणि वाळू जरा जास्त घ्या, कारण हिच्या मुळांना तुंबलेलं पाणी सोसत नाही. घाटउतारावर पाणी थांबतच नाही, हे लक्षात ठेवलं की पुढचं सगळं सोपं जातं. वर पालापाचोळ्याचा चार बोटं थर द्या आणि दोन सपाट दगड ठेवा. पाचोळा बुंध्याला टेकवू नका, तेवढी वितभर जागा मोकळी.

पाणी पहिल्या उन्हाळ्यात महत्त्वाचं. आठवड्यातून दोनदा, बादली अर्धी, संध्याकाळी. भांडी विसळलेलं पाणी चालेल, कपड्याचं साबणाचं पाणी लहान रोपाला नको. दुसऱ्या वर्षापासून मुळं खोल गेली की तिचं तिला जमतं.

उन्हाळ्यात एक घोटाळा होतो, तो आधीच सांगून ठेवते. मोरवेलीची पानं वाळतात, काड्या तपकिरी होतात आणि घरातलं कुणीतरी, बहुतेक सासरे, 'मेली वाटतं' म्हणून ती उपटून चुलीत घालतात. थांबा. बुंध्याजवळची काडी नखानं हलकेच खरवडून बघा. आत हिरवं दिसलं तर वेल जिवंत आहे. वरचं वाळलं तरी खालून पहिल्या पावसात धुमारे येतात.

आणि म्हणूनच छाटणी मेच्या शेवटी करायची, पावसाच्या तोंडावर. पावसाळ्यात जी नवी वाढ होते तिच्यावरच मोरवेल फुलते. त्यामुळे गुडघ्याएवढी उंची ठेवून, जिथं पानांची जोडी होती त्या सांध्याच्या जरा वर कापा. जीव होत नाही एवढं कापायला, माहीत आहे. पण न छाटलेली वेल तीन-चार वर्षांनी वर सगळी झुबका आणि खाली नुसत्या काड्या अशी होते, दाराला शोभा कसली! जुलैत कापलीत तर मात्र त्या वर्षीची फुलं गेली. कोवळ्या शेंड्यांवर मावा येतो, त्याला पाण्याचा जोरदार फवारा मारा, नाहीतर निंबोळी अर्क. बाकी हिची फार कटकट नाही.

आता जरा गंभीर. मोरवेल दिसायला साधी असली तरी तिच्या ताज्या रसानं कातडीची आग होते, फोडही येतात. जेवणात आपण वापरतो ती कलौंजी आणि हिमालयातला विषारी बचनाग, दोन्ही मोरवेलीच्याच कुळातले, यावरून या कुळात किती तऱ्हा आहेत ते समजा. छाटणी करताना हाताला पिशवी बांधा, तो हात डोळ्याला लावू नका, काम झालं की साबणानं धुवा. छाटलेला पाला शेळ्यांपुढं टाकू नका. गोठ्याच्या दाराला ही वेल लावूच नका, करडं कोवळं काहीही तोंडात घेतात.

आणि याहून महत्त्वाचं, काढा. करोनानंतर घरोघरी गुळवेलीचा काढा सुरू झाला. तेव्हापासून 'वेल' म्हटलं की कुणीही काहीही तोडून आणतं. मोरवेल म्हणजे गुळवेल नव्हे. गुळवेलीचं पान हृदयाच्या आकाराचं, अखंड, आणि एका सांध्यावर एकच. तिच्या खोडावरची साल कागदासारखी पातळ सुटते, खाली हिरवं दिसतं, आणि जुन्या वेलीवरून बारीक दोऱ्यासारखी मुळं खाली लोंबतात. मोरवेलीची पानं समोरासमोर जोडीनं येतात, आणि पान तीन भागांत किंवा अनेक पानोळ्यांत विभागलेलं असतं. वाळलेल्या काड्यांवरून मात्र दोन्ही ओळखता येत नाहीत, तेव्हा कुणी वाळकी काडी हातात देऊन 'उकळून पी' म्हणालं तर ती पिऊ नका. आणि खरी गुळवेलसुद्धा, दुसरी औषधं चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

रोप कुठून आणायचं? जंगलातून खणून नाही. अभयारण्यातून, राखीव वनातून रोप काढणं हा गुन्हा आहे. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ज्या जागा जागतिक वारसा यादीत गेल्या त्यात आपलं कास पठारही आहे, तिथून तर काडीसुद्धा उचलू नये. शिवाय खणून आणलेली मोठी वेल बहुधा जगत नाही, म्हणजे तिथली गेली आणि इथं आली नाही. गावाच्या रस्त्याकडेला, स्वतःच्या किंवा शेजारणीच्या बांधावर असेल तर दाब कलम करा. पावसाच्या सुरुवातीला एक लांब फांदी खाली वाकवा, सांध्याच्या खालची साल जराशी खरवडा, तो सांधा दोन बोटं मातीत पुरा, वर दगड ठेवा. शेंडा बाहेर राहू द्या. दिवाळीच्या सुमारास हलकेच ओढून बघा. हाताला अडलं तर मुळं धरली. मग आईपासून कापून पिशवीत लावा. एका वेलीपासून वर्षाला चार-पाच रोपं सहज होतात, आणि ती हुबेहूब आईसारखी असतात.

रोपं करून विकावीत का, असं दोन गटांनी विचारलं आहे. करा, पण आधी वीसच करा. जवळच्या रोपवाटिकावाल्याला आणि शहरात देशी झाडं लावणाऱ्या लोकांना विचारा, घेणार का, कोणत्या महिन्यात घेणार. शंभर पिशव्या भरून मग गिऱ्हाईक शोधणं परवडत नाही. पिशवीवर 'खाण्यासाठी नाही' असं लिहायला विसरू नका.

ज्यांना फुलांचे चार पैसे हवेत त्यांनी मोरवेलीच्या नादी लागू नये हे माझं स्पष्ट मत. तिची फुलं गजऱ्याला चालत नाहीत. त्यांनी जाई-जुई लावावी. जाईची छाटणी डिसेंबरअखेर, जुईची जानेवारीअखेर, आणि छाटणीआधी थोडे दिवस पाणी तोडायचं. कळ्या पहाटेच तोडाव्या लागतात, तेव्हा घरात आणखी एक हात आहे का ते आधी बघा. ज्यांना निळाच रंग हवा आहे, त्या फोटोसारखा, त्यांनी गोकर्णाच्या बिया रात्रभर भिजवून जूनमध्ये टोचाव्यात. दोनेक महिन्यांत फुलं येतात, बी घरचं पुढच्या वर्षी चालतं, आणि शेंगवर्गातली असल्यामुळे जमिनीलाही नत्र मिळतं. मधुमालतीचा वास छान, पण ती फार जड होते. पत्र्याच्या पडवीवर नको. आणि ज्यांच्या दारात एकच मांडव आहे आणि घरात भाजी विकत येते, त्यांनी सरळ दोडका लावावा. दोडक्याचं पिवळं फूल काही कमी देखणं नसतं.

ज्यांना मोरवेल हवीच आहे आणि दाब कलमाला फांदी मिळत नाही, त्यांच्यासाठी हेच दिवस बियांचे. मार्गशीर्ष-पौषात तुरे पांढरे होऊन बी तपकिरी झालं, हाताला कोरडं लागलं आणि हलक्या ओढीनं सुटलं की मूठभर घ्या. सगळं ओरबाडू नका, वाऱ्यावर जाणारं बी डोंगराचं आहे. शेपटी तोडून टाका. ताजं बी लगेच कुंडीत पेरा, वर नखभर मातीच पुरे. ओल टिकवा, कुंडी सावलीत ठेवा. उगवायला महिना लागतो, कधी दोन-तीन महिनेही लागतात, म्हणून कुंडी रिकामी समजून तिच्यात कोथिंबीर टाकू नका. पेरायचं राहिलं तर बी कागदी पाकिटात ठेवा, प्लॅस्टिकमध्ये नको, आणि पाकिटावर वेलीचं नाव, गाव आणि तारीख लिहा.