बापू कुटी आणि शेजारची परचुरे कुटी

बोरगावचं आमचं जुनं घर यंदा पाडायचं ठरलं आहे. मातीच्या भिंती, वर कवेलू, मागे गोठा आणि गोठ्याला लागून एक बारकी खोली. त्या खोलीत आजोबांचे थोरले भाऊ क्षयाने वारले. आजी सांगायची, जेवणाचं ताट उंबऱ्यावर ठेवायचं आणि मागे फिरायचं. लहानपणी आमचा चेंडू तिकडे गेला तरी आणायला कोणी जात नसे.

दिवाळीत पुण्याहून घरी आलो, तेव्हा बाबांना घेऊन वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला गेलो. डोक्यात घर पाडण्याचाच विषय होता, त्यामुळे तिथे मी आधी बांधकाम पाहत सुटलो. गांधीजी इथे राहायला आले ३० एप्रिल १९३६ रोजी. गावाचं नाव तेव्हा सेगाव. टपाल गजानन महाराजांच्या शेगावला जाऊ लागलं, म्हणून १९४० मध्ये नाव सेवाग्राम झालं. घर बांधताना त्यांची अट होती: खर्च शंभर रुपयांच्या आत, सामान आसपासचं, कारागीर गावचे. पहिलं घर ते आदि निवास. सगळे एकाच छपराखाली. बायकांना आडोसा कसला? शेवटी जमनालाल बजाजांनी कस्तुरबांसाठी वेगळी बा कुटी बांधून दिली.

गंमत म्हणजे बापू कुटी मुळात बापूंची नव्हतीच, ती मीराबेनची. गांधीजी तिथे नंतर राहायला गेले. तिच्या भिंतींवर मीराबेननी मातीतच उठवलेली ताडाची झाडं अजून दिसतात. साप धरायचा लांब चिमटा आणि पेटीही जपून ठेवली आहे. साप मारायचा नाही, धरून लांब सोडून यायचं. बाबा तिथे बराच वेळ थांबले. आमच्याकडे कुडाच्या भिंतीत निघालेले साप त्यांनी काठीनेच मारले आहेत.

मी मात्र अडकलो परचुरे कुटीपाशी. बहुतेक लोक एक नजर टाकून पुढे जातात. परचुरे शास्त्री संस्कृतचे पंडित, येरवडा तुरुंगात गांधीजींच्याच काळातले कैदी. त्यांना कुष्ठरोग झाला आणि १९३९ मध्ये ते सेवाग्रामला आले. कडूकवठीच्या तेलापलीकडे तेव्हा या रोगावर फारसं औषध नव्हतं, आणि आश्रमात बायकामुलं राहत होती. धास्ती वाटणं अगदी साहजिक होतं. आमच्या आजीलाही मी दोष देत नाही. पण शास्त्रीबुवांची कुटी आश्रमाच्या आवारातच, बापू कुटीच्या जवळ उभी राहिली. गांधीजी स्वतः त्यांच्या जखमा धूत, तेलाने मालीश करत. तो फोटो तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल. पुढे शास्त्रीबुवा जवळच्या दत्तपूरला, मनोहर दिवाणांच्या कुष्ठधामात गेले.

कुटीच्या दारात बाबा आत न जाता उभे राहिले. चला म्हटलं, तर म्हणाले, "तू पाहून ये."

परतीच्या वाटेवर नागपूर मागे पडलं, सावनेर गेलं, तरी ते गप्पच होते. सौंसरच्या अलीकडे एकदम बोलले, "मोठेबाबा रातच्याला हाका मारायचे. आम्हाले ऐकू यायच्या."

दुसऱ्या दिवशी मी त्या खोलीचे फोटो काढून घेतले. पहिल्यांदाच आत गेलो. दाराला कडी फक्त बाहेरून आहे.