शेजारी वीजकेंद्र, मग साकोलीच्या धानाला रात्रीची वीज का?

साकोलीपासून नागझिऱ्याचं जंगल जवळच. उन्हाळी धान घेणाऱ्या शेतकऱ्याला थ्री फेज वीज रात्रीच्या पाळीत मिळाली, की मोटार सुरू करायला अंधारात बांधीवर जावं लागतं. साप आणि रानडुकरं तर आहेतच, पण इथे वाघ आणि अस्वलंही आहेत. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात तिरोड्याला कोळशावर चालणारं 3,300 मेगावॅटचं वीजकेंद्र आहे. तरीही ही वेळ का?

कारण तयार झालेली वीज ग्रिडमध्ये जाते, आणि ग्रिड सगळ्यांचं असतं. 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर-सोलापूर ही 765 केव्हीची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिण भारतही देशाच्या ग्रिडमध्ये आला. ग्रिडमध्ये दर क्षणाला मागणी असेल तेवढीच वीज तयार व्हावी लागते. दिवसा शहरं आणि कारखाने वीज ओढतात, म्हणून शेतीचा भार रात्रीवर ढकलला गेला. स्पष्टच सांगायचं, तर ज्याला नाही म्हणणं सोपं होतं, त्याच्यावर.

सौरऊर्जेनं हे गणित उलटलं, कारण आता दुपारीच स्वस्त वीज मिळू शकते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 याच विचारावर उभी आहे. सबस्टेशनजवळ सौर प्रकल्प उभारायचा आणि शेतीच्या फीडरला दिवसा वीज द्यायची. त्यासाठी जमीन भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला 1 लाख 25 हजार रुपये मिळतात.

युरोपीय संघातले 27 देशही अशाच गणितात आहेत. 2030 पर्यंत एकूण ऊर्जावापरात अक्षय ऊर्जेचा वाटा 42.5 टक्के करायचा, हे त्यांनी मिळून ठरवलं. पण कोणतं इंधन वापरायचं, हा हक्क लिस्बन करारानं प्रत्येक देशाकडेच ठेवला. म्हणून फ्रान्सची भिस्त अणुवीजेवर आहे, तर पोलंडमध्ये अजून बराच कोळसा जळतो. तारा जोडलेल्या असल्यानं एकाकडे कमी पडलं, तर शेजाऱ्याकडून घेता येतं. आपल्याकडेही वीज समवर्ती सूचीत आहे, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांचा विषय.

खरी अडचण पावसाळ्यात येते. रोवणी तोंडावर असते, पाऊस ओढ देतो आणि आभाळ मात्र भरलेलं. अशा दिवशी सौर पॅनेलमधून वीज कमी मिळते. सौर प्रकल्पाचा फीडर ग्रिडला जोडलेला असल्यामुळे उरलेली वीज बाहेरून येऊ शकते. शेतात स्वतंत्र पॅनेलवर चालणाऱ्या पंपाला ती सोय नाही. तेव्हा अर्ज भरण्याआधी गावच्या लाइनमनला एवढं विचारा: आपला फीडर सौर होणार आहे का, आणि ढगाळ दिवशी तूट दिवसाच भरून देणार, की पुन्हा रात्रीची पाळी?