लाइन दिवसा हवी

रब्बीत गव्हाला पाणी द्यायची वेळ आली की बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखली-मेहकरकडचा शेतकरी आधी लाइनचं वेळापत्रक पाहतो. कृषी फिडरची थ्री फेज लाइन आळीपाळीनं येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जायचं. थंडी, साप, रानडुकरं हे सगळं आलंच.

बुलढाणा जिल्ह्याचं क्षेत्रफळ ९,६६१ चौरस किलोमीटर, म्हणजे सायप्रस या देशाहून थोडं जास्तच. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या होती २५ लाख ८६ हजार. एखाद्या लहान देशाला कोळसा-तेलाकडून उन्हाकडे कसं वळायचं, हा जो हिशेब करावा लागतो, तोच इथेही करता येतो.

आज जिल्ह्याच्या दोन्ही अंगांना वीजकेंद्रांत कोळसा जळतो. पूर्वेला शेगावच्या पुढे पारस, पश्चिमेला मलकापूरच्या पुढे भुसावळजवळचं दीपनगर. ऊन मात्र इथल्या शेतातच पडतं. राज्यानं २०१७मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली आणि २०२३मध्ये तिची दुसरी आवृत्ती काढली. कल्पना सोपी आहे. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज तिथल्याच कृषी फिडरला दिवसा द्यायची.

गणित असं. पाच एचपीची मोटर आठ तास चालली तर साधारण ३० युनिट लागतात. एक मेगावॉटचा प्रकल्प चांगल्या उन्हात दिवसाला चार हजार युनिटच्या आसपास देतो. म्हणजे चार-पाच एकरांवरच्या पॅनलवर सव्वाशे-दीडशे मोटरींची दिवसाची पाळी भागते. खासगी जमीन भाड्यानं दिली तर हेक्टरी वर्षाला किमान सव्वा लाख रुपये मिळण्याची तरतूद आहे.

अडचण संध्याकाळी सुरू होते. सायप्रसचं वीजजाळं शेजारच्या कुठल्याच देशाला जोडलेलं नाही. तिथं भर दुपारी जास्तीची सौरवीज बंद ठेवावी लागते आणि अंधार पडला की पुन्हा तेल जाळावं लागतं. बुलढाणा राज्याच्या जाळ्यात आहे, त्यामुळे गहू निघाल्यावर उरलेली वीज बाहेर जाऊ शकते. पण सूर्य मावळल्यावर घराघरांतले दिवे, पंखे अजून बऱ्याच अंशी कोळशावरच चालतात. साठवणुकीची सोय होईपर्यंत पारस आणि दीपनगर सुटणार नाहीत. म्हणून सगळ्यात आधी दिवसा हलवता येण्यासारखं काम दिवसा हलवायचं, आणि ते काम म्हणजे शेतीची मोटर.

एक धोकाही आहे. दिवसा भरपूर लाइन मिळाली की विहिरी-बोअर लवकर उपसले जातात. शेगाव-संग्रामपूरच्या खारपाणपट्ट्यात तर गोडं पाणी आधीच मोजकं आहे. ठिबक-तुषार याच हिशेबात धरायला हवं.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा. आपल्या फिडरवर मोटरी किती? उपकेंद्राजवळ पडीक जमीन कुणाची? आणि प्रकल्प गायरानावर आला तर गुरं कुठं चरणार? उत्तरं गावानं आधी शोधली, तर आराखडा गावाच्या सोयीचा होईल.