उड्डाणानंतरचे पहिले मिनिट

कांदिवलीत घराच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव मराठी वाचकांना परिचित आहेत. आपल्याकडे असे उदाहरण विरळाच. अमेरिकेत मात्र गॅरेजमध्ये विमान जोडून ते उडवणे हा हजारो लोकांचा छंद आहे. निम्म्याहून अधिक काम हौशी व्यक्तींनी स्वतः केले असेल, तर अशा विमानाला तेथे ‘प्रायोगिक’ गटात मान्यता मिळते. या छंदातील धोका अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ साली आकड्यांत मांडला. तेथील छोट्या व खासगी विमानांमध्ये घरी बांधलेली विमाने सुमारे १० टक्के. पण २०११ मधील अपघातांत त्यांचा वाटा सुमारे १५ टक्के, तर प्राणघातक अपघातांत २१ टक्के होता. इंजिनाचा बिघाड आणि हवेत ताबा सुटणे, ही त्यामागची दोन प्रमुख कारणे.

अनेकदा पहिल्यातूनच दुसरे उद्भवते. पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातील कोन साधारण १५-१६ अंशांपलीकडे गेला की हवेचा प्रवाह पंखाच्या वरच्या पृष्ठभागापासून सुटतो आणि विमानाला वर धरणारे बल एकदम घटते. याला ‘स्टॉल’ म्हणतात. उड्डाणानंतर लगेच विमानाचे नाक वर असते, वेग बेताचा असतो आणि जमीन जवळ असते. अशा वेळी इंजिन बंद पडले तर काही सेकंदांतच वेग ओसरतो. वेग टिकवायचा तर नाक ताबडतोब खाली करायला हवे.

पण घाबरलेले मन उलट सांगते. जमीन जवळ येताना दिसली की हात आपोआप दांडा मागे ओढतो. शिवाय मागे राहिलेली धावपट्टी खुणावते आणि वैमानिक विमान वळवू लागतो. उंची न गमावता वळायचे तर पंखांवरचा भार वाढतो. विमान ४५ अंश कलले तर स्टॉलचा वेग सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो, ६० अंशांवर ४१ टक्क्यांनी. म्हणजे सरळ उडताना ताशी ८० किलोमीटरला स्टॉल होणारे विमान अशा तीव्र वळणात ११३ किलोमीटरलाच कोसळू शकते. एक पंख आधी खचला की विमान गिरक्या घेऊ लागते. तीन-चारशे फुटांवर त्यातून सावरायला जागाच नसते.

घरी बांधलेल्या विमानात अडचणी आणखी वाढतात. एकाच आराखड्यावरून बांधलेली दोन विमानेही तंतोतंत सारखी नसतात. नेमक्या कोणत्या वेगाला स्टॉल होतो, हे चाचणी उड्डाणांतूनच शोधावे लागते. बांधकामात वर्षे गेल्याने मालकाचा उडवण्याचा सराव सुटलेला असू शकतो. आणि विमान विकत घेणाऱ्याला तर दुसऱ्याने केलेले बदल अंगवळणी पडलेले नसतात.

गायक जॉन डेन्व्हर यांचा १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियात मॉन्टेरेजवळ झालेला मृत्यू याचे दुःखद उदाहरण आहे. ‘लाँग-ईझी’ जातीचे ते विमान त्यांनी आदल्याच दिवशी ताब्यात घेतले होते. इंधनाची टाकी बदलण्याचा खटका मूळ आराखड्याप्रमाणे समोर नव्हता. बांधणाऱ्याने तो वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवला होता. तिथे हात पोहोचवण्यासाठी मागे वळताना उजव्या पायाने नकळत रडरचे पेडल दाबले गेले आणि कमी उंचीवर ताबा सुटला, असा तपासाचा निष्कर्ष होता. स्टॉलला सहजी न बधणारे म्हणून नावाजलेले विमानही त्यांना वाचवू शकले नाही.

यावर उपाय आहेत. नव्या विमानाला साधारणपणे पहिले २५ किंवा ४० तास विरळ वस्तीवरच चाचणी उड्डाणे करावी लागतात. या काळात अनुभवी दुसऱ्या वैमानिकाला सोबत घेण्याची सोय २०१४ पासून आहे. पंखांचा हवेशी होणारा कोन दाखवणारे उपकरणही बसवता येते.

सर्वांत स्वस्त उपाय मात्र उड्डाणापूर्वीचा आहे. ‘अमुक उंचीच्या आत इंजिन बंद पडले तर नाक खाली, आणि समोरच उतरायचे,’ हे धावपट्टीवर असतानाच मोठ्याने म्हणायचे. ऐनवेळी विचार करायला सवड नसते. आधी ठरवलेलेच हातून घडते. ताब्यात राहून समोरच्या शेतात उतरलेले विमान कदाचित मोडेल, पण आतला माणूस वाचण्याची शक्यता कितीतरी अधिक असते.