सोयाबीनच्या मुलखात पॅन-एशियन

लातूरच्या बाजार समितीत सोयाबीनचा सौदा निघतो तेव्हा मराठवाडाभरचे शेतकरी आणि आडते त्या दराकडे कान लावून असतात. संध्याकाळी त्याच शहरात चायनीजच्या गाड्यांवर शेगड्या भडकतात, लोखंडी कढईत कोबी-गाजर उडतं आणि वरून काळ्या सॉसची धार पडते. सॉस सोयाबीनचा, बाटली बाहेरगावची.

नांदेड-लातूरकडे ‘चांगल्या हॉटेलात’ जाणं म्हणजे बराच काळ एसी फॅमिली रेस्टॉरंट, पनीरची भाजी, बटर रोटी आणि पोरांच्या हट्टापायी मेन्यूकार्डाच्या शेवटच्या पानावरचं चायनीज. आता हे शेवटचं पान लांबत चाललंय. मंचाव सूपच्या खाली मोमो येतात, त्याखाली डिमसम, थाई करी. चीन, थायलंड, जपान, व्हिएतनाम असे चार देश एकाच टेबलावर मांडणाऱ्या या प्रकाराला हॉटेलवाले ‘पॅन-एशियन’ म्हणतात. बँकॉक किंवा टोकियोतल्या माणसाला हे जेवण एका घरचं मुळीच वाटणार नाही, पण त्याची तक्रार ऐकायला इथे कोण बसलंय?

चायनीज गाड्यावरून मोठ्या हॉटेलात चढलं, असा कुणाचाही समज होईल. घडलं बरोबर उलटं. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९७३ साली ‘गोल्डन ड्रॅगन’ सुरू झालं आणि सिचुआन प्रांताचं झणझणीत जेवण पंचतारांकित टेबलावर आलं. पुढे १९७५ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वांग यांनी एक नवाच पदार्थ केला. कोलकात्यात जन्मलेले, चिनी वंशाचे हे आचारी. गिऱ्हाइकाने कार्डावर नसलेलं काहीतरी मागितलं, अशी हकिगत ते स्वतः सांगत. त्यांनी आलं, लसूण, हिरवी मिरची ही आपल्या ओळखीची सुरुवात ठेवली, गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस घातला आणि कॉर्नफ्लॉवर लावून रस दाट केला. ते चिकन मंचुरियन. मंचुरियाशी त्याचा काडीचा संबंध नाही. पुढे वांग यांनी केम्प्स कॉर्नरला ‘चायना गार्डन’ काढलं आणि तिथे सिनेमावाल्यांची रीघ लागली. चिकनची जागा कोबीने घेतली तेव्हा मात्र हा पदार्थ खऱ्या अर्थाने महाराष्ट्राचा झाला. कोबी स्वस्त, बाराही महिने मिळणारा आणि मांसाहार वर्ज्य असलेल्या वारीही चालणारा.

दुसरी लाट नव्वदच्या दशकातली. मुंबईत कफ परेडच्या प्रेसिडेंट हॉटेलात १९९३ मध्ये ‘थाई पॅव्हेलियन’ आलं, १९९४ मध्ये अंजन चॅटर्जी यांचं ‘मेनलँड चायना’. पुण्यात कोरेगाव पार्कला १९९७ मध्ये प्रफुल्ल आणि चीरू चंदावरकर या दांपत्याने ‘मलाका स्पाइस’ काढलं. पुढे ताजमहाल हॉटेलातच २००४ साली जपानी आचारी मासाहारू मोरिमोतो यांच्या नावाचं ‘वासाबी’ उघडलं. यातलं काहीच मराठवाड्यात सुरू झालं नाही. पण लातूरहून पुणे सुमारे ३३० किलोमीटर, नांदेडहून हैदराबाद त्याहून जवळ. शिकायला, नोकरीला गेलेली पोरं रातराणीने ही चव घेऊन घरी येतात आणि दिवाळीत आई-वडिलांना म्हणतात, चला, आज वेगळं काहीतरी खाऊ.

गाडा आणि उंची हॉटेल यांच्यात खरा फरक कशात? जाळात नाही. हाय प्रेशर बर्नरवर कढई धूर सोडेपर्यंत तापवायची, थंड करून मोकळा केलेला भात टाकायचा, सॉस मध्ये न ओतता कडेने सोडायचा म्हणजे तो लगेच करपल्यासारखा वास धरतो. हे गाड्यावरच्या कारागिराला पाठ असतं. फरक आहे बाटलीत. खरा सोया सॉस म्हणजे शिजवलेलं सोयाबीन आणि भाजलेला गहू एकत्र करून त्यावर विशिष्ट बुरशी वाढवायची आणि ते मिठाच्या पाण्यात सहा महिने किंवा अधिक मुरवायचं. स्वस्त सॉस सोयाबीनची प्रथिनं आम्लात शिजवून काही दिवसांत होतो, वर कॅरॅमलचा रंग. दोन्ही काळेच. जिभेला मात्र लगेच कळतं.

बाकी सामान वाटतं तितकं परकं नाही. थाई सूपातला गवती चहा आपल्याकडे परसात असतो. चिनी पाच मसाल्यांतलं चक्रफूल आपल्या काळ्या मसाल्यातही पडतं. सिचुआनची जीभ बधिर करणारी मिरी ही कोकणातल्या तिरफळाची सख्खी चुलत बहीण. गंमत अशी, की आपल्या ‘शेजवान’ चटणीत ती बहुधा नसतेच, नुसती लाल मिरची आणि लसूण.

मराठवाड्यात टेबलावरचा पहिला प्रश्न ठरलेला: प्युअर व्हेज आहे का? माळकरी, लिंगायत, मारवाडी-जैन, शिवाय सोमवार-गुरुवार-शनिवार पाळणारे आणि श्रावण. थाई करीच्या वाटणात कोळंबीची आंबवलेली पेस्ट असते, चिनी तळणीत ऑयस्टर सॉस, जपानी सूपात सुक्या माशाचा अर्क. हे सगळं काढून टाकलं की उरलेल्या जागी पुन्हा सोया सॉस आणि टोफू, म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर, हेच येतात. शाकाहारी पॅन-एशियन ताट जितकं कडक, तितकं त्यात सोयाबीन जास्त.

आणि सोयाबीन तर दारातच आहे. पण मराठवाड्यात वर्षानुवर्षं पेरलेलं जेएस ३३५ हे गिरणीचं वाण. दाण्यात तेल अठरा-वीस टक्के, प्रथिनं चाळीसच्या आसपास. गिरणी तेल काढते आणि उरलेली पेंड विकते. टोफूसाठी दाणे भिजवून गरम पाण्यातच दळावे लागतात, नाहीतर दुधाला उग्र वास येतो. एका किलोतून दीड-दोन किलो टोफू निघतो. २०२४-२५च्या हंगामात हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये आणि बाजारात त्याहून बरंच कमी पदरात पडत होतं. त्या वर्षी उंची हॉटेलातल्या टोफूच्या एका प्लेटच्या पैशांत कितीतरी किलो सोयाबीन आलं असतं.

तरी लातूरचं सोयाबीन ताटात येतच नाही, असं नाही. पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते, तेल तळणीच्या कढईत. चिकन चिलीच्या प्लेटमध्ये सोयाबीन तीनदा आलेलं असतं: कोंबडीच्या पोटातून, तळणीतून आणि सॉसमधून. पहिल्या दोन वाटांनी आलेलं लातूरचं असायला काहीच हरकत नाही.