खाऱ्या पाण्याचे यंत्र आणि कायद्याचा तगादा

डहाणूच्या खाडीकाठी १९९५ साली सुरू झालेल्या ५०० मेगावॉटच्या औष्णिक वीज केंद्राचे २७५ मीटरचे धुराडे दुरूनच नजरेत भरते. पण उंच धुराडे विषारी वायू नाहीसा करत नाही, लांब नेऊन टाकते. मसोलीपासून घोलवड-बोर्डीपर्यंतच्या चिकूवाड्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते धुराड्याच्या अलीकडचे यंत्र. कोळशातले गंधक जळून सल्फर डायऑक्साइड होतो. राख आधी अडवून मग हा धूर समुद्राच्या पाण्याने धुतला जातो. हे पाणी किंचित अल्कधर्मी असते. त्यात वायू विरघळतो आणि हवा फुंकली की त्याचे सल्फेट होते. यात चुनखडी खणावी लागत नाही, जिप्समचे ढीगही साचत नाहीत.

हे तंत्र नवे नव्हते. तरी ते बसवायला २००७ साल उजाडले. केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला तो १९९१ साली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली तालुक्यापुरते प्राधिकरण नेमले गेले. त्याने १९९९ मध्ये गंधक काढण्याचा आदेश दिला. काम रेंगाळले तेव्हा २००५ मध्ये ३०० कोटींची बँक हमी मागितली. म्हणजे अडले होते ते तंत्रावाचून नव्हे, तगाद्यावाचून.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा: वीज महागते. महागते खरी, पण यंत्र नसतानाही खर्च होतोच, फक्त तो वीजबिलात न येता बागायतदाराच्या पिकातून आणि रहिवाशाच्या छातीतून वसूल होतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हवेतली घाण समुद्रात ढकलली, एवढेच ना? समुद्राच्या लिटरभर पाण्यात मुळातच सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असते, त्यामुळे ही भर त्याला परकी नाही. मात्र पाण्यासोबत राखेतले धातू गेले, किंवा आम्लता न उतरवताच पाणी सोडले, तर खाडीतल्या मासळीला धोका आहेच. पण हा आक्षेप यंत्राविरुद्ध जात नाही. यंत्रावर कायम नजर हवी, हेच तो सांगतो. केंद्र बीएसईएसकडून रिलायन्सकडे आणि पुढे अदानींकडे गेले. मालक बदलतात, म्हणून नजर ठेवणारा मालकाच्या पगारावरचा नसावा. देशभरातल्या केंद्रांसाठी गंधकाची मर्यादा २०१५ मध्ये कागदावर आली आणि मुदती पुढे सरकत राहिल्या. डहाणूत मात्र तोवर आठ वर्षे धूर धुतला जात होता.